गाळणीच्या टोपीतला दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात अभ्यासाला बसाल तर पहिल्या ओळीलाच डोळे चोळाल. मी टेबलावरचा नाही, जिन्यातला नाही, रस्त्यावरच्या खांबावरचा तर नाहीच नाही. मी गाड्यांचे दुखणे शोधणारा दिवा आहे. एक बल्ब, दोन तारा आणि डोक्यावर जाळीची टोपी, एवढाच माझा संसार. गॅरेजवाले माझ्यासारख्यांना टेस्ट लॅम्प म्हणतात. आमच्या घरी मात्र माझे नाव 'गाळणी' आहे. ते कसे पडले ते सांगतोच.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जगातले बाकीचे दिवे पेटले की लोकांना आनंद होतो. माझे सगळे उलटे आहे. मी पेटलो की समोरच्याच्या कपाळावर आठ्या पडतात आणि मी विझलो की तो 'शाबास' म्हणतो. लहानपणी मला याचे फार वाईट वाटे. आपण जीव ओतून उजेड पाडावा आणि लोकांनी आपल्या विझण्याची वाट बघावी, हा कुठला न्याय? पुढे हळूहळू सवय झाली. आता तर कुणी 'गेला, गेला!' असे ओरडले की माझी छाती फुगते.

माझा जन्म एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. त्या स्कूलचे मालक, शिक्षक, मेकॅनिक आणि झाडू मारणारे असे सगळे एकच गृहस्थ होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. भंगारात निघालेल्या एका गाडीच्या मागच्या दिव्यातून त्यांनी मला हलकेच फिरवून बाहेर काढले, सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि उन्हाकडे धरून आतली बारीक तार शाबूत आहे ना ते पाहिले. मग मला बसायला होल्डर दिला आणि दोन तारा जोडल्या, एक लाल आणि एक निळी. खरे तर काळी हवी होती, पण काळी संपली होती. लाल तारेच्या टोकाला दातेरी चिमटा लागला. निळीच्या टोकाला त्यांनी सायकलच्या चाकातली तार घासून टोकदार करून लावली आणि धरायला जुन्या पेनाची नळी चढवली. मी नुसता बघत राहिलो. भंगारातल्या बल्बाचे इतके लाड कोण करते?

राहता राहिली टोपी. त्याच दुपारी वरच्या फळीवरून एक पाना माझ्या शेजारी धाडकन पडला आणि मास्तरांच्या काळजात चर्र झाले. ते तसेच उठले, स्वयंपाकघरात गेले आणि चहाची गाळणी घेऊन आले. तिचा दांडा कापला, जाळी माझ्यावर बसवली आणि बारीक तारेने आवळून टाकली. संध्याकाळी त्यांची बायको, जिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, चहा गाळायला उभी राहिली तेव्हा शोधाशोध सुरू झाली.

"अहो, माझी गाळणी कुठं गेली?"

"ती जुनी झाली होती."

"गेल्या महिन्यात आणलीय मी ती!"

"मग चांगल्या कामाला लागली असं समज."

त्या दिवशी चहा फडक्यातून गाळला गेला आणि मास्तरांच्या कपात मुद्दाम जास्तीचा चोथा उतरला. दुसऱ्या दिवशी नवी गाळणी आली, पण मास्तरीणबाईंनी माझ्यावरचा हक्क कधी सोडला नाही. मी दिसलो की त्या विचारत, "काय म्हणतेय माझी गाळणी?" मास्तर उत्तर देत, "तुझ्यासारखीच आहे. खोटं बोलत नाही, पण नको त्या वेळी बोलते."

आता माझे काम काय ते नीट ऐका. गाडी बंद करून उभी केली की ती झोपते. झोपलेल्या गाडीने बॅटरीतली वीज पिऊ नये. घड्याळापुरता एखादा थेंब चालतो, त्याने माझे ओठही ओले होत नाहीत. पण आत काही जागे राहिले, एखादा दिवा, एखादा रेडिओ, तर ते बॅटरी पीत बसते आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसते 'टक्' होते. मग मास्तर बॉनेट उघडत, बॅटरीच्या वजा, म्हणजे निगेटिव्ह, खुंटावरची जाड तार सोडवत, माझा चिमटा त्या तारेला लावत आणि माझे टोक खुंटाला टेकवत. आता बॅटरीतून जे वाहील ते माझ्या पोटातून जाणार. मी पेटलो म्हणजे गाडीत कुणीतरी जागे आहे. त्यानंतर एकेक फ्यूज काढून बघायचा. जो काढल्यावर मी विझतो, चोर त्याच्याच घरात.

एका शिंप्याची व्हॅन मला अजून आठवते. रोज सकाळी तिला ढकलावे लागे. शिंपी बिचारा बॅटरीला शिव्या देऊन थकला होता. मास्तरांनी मला जोडले, मी लख्ख पेटलो, आणि रेडिओचा फ्यूज काढताच विझलो. शिंप्याच्या मेहुण्याने प्रेमाने रेडिओ बसवून दिला होता, पण जोडताना तार चुकली होती. बटण बंद केले तरी रेडिओ आत जागाच. शिंपी हसून हसून खाली बसला. "मेहुणा तसाच आहे," तो म्हणाला, "गप्प बसला तरी खातच असतो!"

असे कितीतरी दिवस गेले. मास्तर गाडी शिकवत तशी मलाही शिकवण्यात घेत. स्टिअरिंग धरायला शिकण्याआधी प्रत्येकाला मला एकदा जोडावे लागे. त्यांची शिस्त मोठी कडक होती. गाडी नेहमी मागे घेत, पाठ भिंतीकडे आणि तोंड रस्त्याकडे करून लावायची. सकाळी किल्लीला हात लावण्याआधी गाडीभोवती फेरी मारायची, टायर बघायचे, आतली पायपुसणी झटकायची, जी वस्तू जिथली ती तिथे ठेवायची. आणि सीटवर बसले की पहिला पाय ब्रेकवर.

ब्रेकवरून आठवले. शिकवायच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटसमोर, शिकवणाऱ्याच्या पायाशी. दोन्ही आतून एका दांडीने बांधलेले. एक दाबला की दुसरा आपोआप खाली जातो. शिकणारा गांगरला की मास्तर आपल्या बाजूने ब्रेक दाबत आणि म्हणत, "काही झालं नाही. श्वास घ्या." मी गाडीच्या समोरच्या खणात पडल्या पडल्या हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की मला बोलता आले असते तर मीही तेच बोललो असतो.

पुढे मास्तर थकले. एसी गाड्यांच्या मोठ्या स्कूल निघाल्या आणि त्यांनी एक दिवस स्वतःच बाहेरची पाटी उतरवली. गाडी तेवढी ठेवली, दोन्ही ब्रेकांसकट. बाजारात आकडे दाखवणारे मीटर आले. नाकासमोर आकडा दिसला की लोकांना बरे वाटते. मी गंजक्या स्क्रूंच्या सोबत एका बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडलो. डबा शेडमधल्या फळीवर, गाडीच्या अगदी जवळ होता. त्याचे झाकण नीट बसत नसे, म्हणून मला ऐकू सगळे येई. सुरुवातीला कुणाची पावले वाजली की वाटे, आले मला न्यायला. नंतर वाट बघणेही सोडून दिले.

अशातच घरावर एक विचित्र संकट आले.

मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले होते. व्यायाम करून घ्यायला मास्तर त्यांना आठवड्यातून एक-दोन वेळा दवाखान्यात नेत. त्या जात्याच ठेंगण्या. सीटवर बसल्या की पाय लोंबकळत आणि सुजत. म्हणून त्यांच्या लेकीने सुताराकडून एक छान लाकडी ठोकळा करून आणला, वर मऊ गालिचाचा तुकडा लावलेला. सीटसमोर ठेवायचा आणि त्यावर पाय टेकायचे. मास्तरीणबाई खूश झाल्या. "आता मी राणीसारखी जाते," असे त्या म्हणाल्याचे मी डब्यातून ऐकले.

ही लेक म्हणजे बारकी. तिच्या स्वतःच्या केसांत आता पांढरे दिसू लागले आहेत, पण घरात ती बारकीच. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. रिपोर्ट हाती आल्याशिवाय कुणाला साधा ताप आहे असेही ती म्हणत नाही. घरच्यांच्या बाबतीत मात्र तिचा नियम जरा सैल होतो, जसा तो सगळ्यांचाच होतो.

झाले असे की गाडीची बॅटरी उतरू लागली. रोज नाही. पण मास्तरीणबाईंना दवाखान्यात नेऊन आणले की दुसऱ्या सकाळी गाडी हटकून मुकी. मास्तर शिस्तीने फेरी मारत, टायर बघत, आतल्या वस्तू सरळ करत, बसत, पाय ब्रेकवर ठेवत आणि किल्ली फिरवत. टक्. मग शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घ्यायची, बारकीला फोन करायचा, दवाखान्याची वेळ चुकायची.

नवी बॅटरी आणली. तीही उतरली. गॅरेजमध्ये गाडी एक दिवस ठेवून घेतली, तिथे काहीच सापडले नाही. मग बारकीने जे सगळ्यांच्या मनात होते ते बोलून दाखवले.

"बाबा, आईच्या गडबडीत तुमच्याकडून दिवा चालू राहत असेल."

"मी बंद करतो. बघून बंद करतो."

"करत असाल. पण विसरायला होतं या वयात. त्यात काही वाईट नाही."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका वेळेवर ब्रेक दाबून सावरल्या, त्याला कुणीतरी इतक्या प्रेमाने 'तुम्ही विसरता' म्हटले होते. रागावायची सुद्धा सोय नव्हती. मला त्या वेळी डब्यातून उडी मारावीशी वाटली.

त्यानंतर एक वाईट गोष्ट सुरू झाली. मास्तर गाडी लावून घरात जात आणि थोड्या वेळाने परत येत. शटर वर ओढत, शेडमधला दिवा लावत, गाडीत डोकावून दिव्यांचे बटण चाचपून बघत आणि जात. मग पुन्हा येत. कधी जेवता जेवता उठून येत, हाताला अन्न तसेच. एकदा तर मी त्यांना पुटपुटताना ऐकले, "बंद केला होता ना मी?" ते विचारत होते कुणाला? शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हते. गाडीची बॅटरी अधूनमधून उतरत होती, पण या माणसाचा स्वतःवरचा भरवसा रोज थोडा थोडा उतरत होता. आणि तो शेजाऱ्याच्या गाडीवरून भरून घेता येत नाही.

शेवटी बारकीने ठरवले की गाडी काढून टाकायची. आईसाठी टॅक्सी बांधून द्यायची. मास्तर एवढेच म्हणाले, "विकण्याआधी मला एकदा बघू दे."

"बघा. पण मी सुट्टीला येईन तेव्हा. एकट्यानं नको."

आणि मित्रांनो, त्या सुट्टीच्या सकाळी डब्याचे झाकण उघडले. मास्तरांच्या बोटांनी स्क्रू बाजूला सारले आणि मला बाहेर काढले. पकड पूर्वीचीच होती. त्यांनी मला सदऱ्याच्या टोकाने पुसले, पहिल्या दिवसासारखेच.

बारकी हसली. "हा अजून आहे? मी लहानपणी याला घाबरायचे."

"का गं?"

"तो पेटला की तुम्ही चिडायचात ना, म्हणून."

मास्तरांनी सवयीप्रमाणे आधी गाडीभोवती फेरी मारली. टायर बघितले, पायपुसणी झटकली, ठोकळा सरळ केला. मग बॉनेट उघडले. बारकीने वजा खुंटावरची तार सोडवली, माझा चिमटा तिला लावला, माझे टोक खुंटाला टेकवून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने तिथेच पकडून ठेवले आणि मला बॉनेटच्या कडेला टांगले. मास्तर फ्यूज काढायला चालकाच्या सीटवर बसले. फ्यूजची पेटी तिथेच, स्टिअरिंगच्या खाली होती.

मी पेटलो! चांगला लख्ख पेटलो.

"पेटला! बाबा, पेटला!" बारकी ओरडली.

"अगं, दार उघडं आहे. आतला दिवा लागलाय. थांब." मास्तरांनी दाराच्या चौकटीतले छोटे बटण दाबून त्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे गाडीला दार बंद आहे असे वाटावे. "आता?"

"अजून आहे!" बारकीने वाकून आत बघितले. "बाबा, तुमचा पाय कुठे आहे?"

मास्तरांनी खाली बघितले. पाय ब्रेकवर होता. बसले की पहिला पाय ब्रेकवर, किल्ली असो वा नसो! ब्रेक दाबला की गाडीच्या मागचे लाल दिवे लागतात, आणि त्यांना किल्लीची वाट बघावी लागत नाही. दोघेही हसले. मास्तरांनी पाय उचलला.

आणि मी विझलो. पुरता विझलो.

माझ्या उभ्या आयुष्यात मी विझल्यावर कुणी हसायचे थांबले असे पहिल्यांदाच घडले. कारण याचा अर्थ सरळ होता. गाडीत काहीही जागे नव्हते. गाडी शहाण्यासारखी झोपली होती. मग बॅटरी उतरत होती ती दुसऱ्याच कुणामुळे.

"रिपोर्ट नॉर्मल आहे, बाबा," बारकी अगदी हळू म्हणाली.

मास्तर गाडीतून उतरले, दार लावले. खिशातून किल्ली काढली. तिच्या हातावर ठेवताना म्हणाले, "चालायचंच. तू सांगत होतीस ते बरोबर होतं. माझंच लक्ष राहत नाही आता."

मी त्या क्षणी किती दुःखी होतो, काय सांगू! मी खोटे बोललो नव्हतो. मला खोटे बोलता येत नाही. पण मास्तर विसरत नाहीत हे मला ठाऊक होते आणि तरी माझ्याच विझण्याने त्यांना दोषी ठरवले होते.

एवढ्यात मास्तरीणबाई एका हाताने काठी आणि एका हाताने कपांची छोटी बास्केट सांभाळत शेडमध्ये आल्या. बारकीच्या हातातली किल्ली बघून काय ते समजल्या. फार वेळ उभे राहवत नव्हते, म्हणून गाडीत आपल्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पाय ठोकळ्यावर टेकले. त्यांनी दार उघडले तेव्हा आतल्या दिव्यामुळे मी जरासा उजळलो, पण तिकडे कोण बघतो?

"म्हणजे मी आता टॅक्सीनं जायचं?" त्यांनी विचारले.

"आई, दर वेळची टॅक्सी ठरवून देते. ओळखीचा माणूस आहे."

"तो प्रत्येक खड्ड्याला 'सावकाश हं, धर' म्हणेल का?"

बारकीने किल्ली दुसऱ्या हातात घेतली.

"हे म्हणतात. मला खड्डा आधी यांच्याकडून कळतो, मग गुडघ्याकडून." मास्तरीणबाईंचा आवाज चढला. "आण ती किल्ली इकडे. मला न विचारता काय चाललंय?"

आणि त्या उठल्या. गुडघे वाकत नाहीत म्हणून उतरताना त्या आधी टाचेने ठोकळा पुढे ढकलत, पायांना जागा करत आणि मग बाहेर पडत. तसाच त्यांनी तो आज ढकलला, रागात होत्या म्हणून जरा जोरातच. मग काठी टेकून बाहेर आल्या आणि दार धाडकन आपटले.

दार लागले. आता मी विझायला हवे होते.

मी विझलो नाही! उलट लख्ख पेटलो, मगाशी मास्तरांचा पाय ब्रेकवर होता तसाच. पण माझ्याकडे कुणाचे लक्ष आहे? बारकी आईला समजावत होती, मास्तर भिंतीकडे तोंड करून उगाच फडके घडी करत होते. मी जळत होतो, नुसता जळत होतो. अरे, बघा ना इकडे! दिव्याला आवाज नसतो याचे मला तेव्हा जितके वाईट वाटले तितके कधी वाटले नव्हते.

मास्तरीणबाई किल्लीसाठी गाडीला वळसा घालून पुढे आल्या आणि बॉनेटपाशी थबकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझी गाळणी पेटलीय."

मास्तर गर्रकन वळले. बारकीने धावत जाऊन सगळी दारे पुन्हा दाबून बघितली. सगळी लागलेली. गाडीत कुणी नाही. मास्तर बाहेर, मास्तरीणबाई बाहेर.

"आणि किल्ली..." बारकी म्हणाली, आणि आपल्या मुठीकडे बघत राहिली. किल्ली तिच्याच मुठीत होती.

मग जे सुरू झाले ते बघून मला माझे तरुणपण आठवले. मास्तरांनी चालकाचे दार उघडले. बटणावर चिकटपट्टी होतीच. ते जमिनीवर उभे राहून आत वाकले. "पाय बाहेर आहेत माझे, बघून घे!" ते ओरडले.

"बघितले! काढा!"

"आता?"

"आहे!"

"आता?"

"आहे, आहे!"

"आता?"

"गेला! बाबा, गेला!"

मी विझलो होतो. मास्तर हातातला फ्यूज उजेडाकडे धरून बाहेर आले. "ब्रेकच्या दिव्यांचा आहे हा," ते म्हणाले, पण त्यांचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास बसत नव्हता. "ब्रेक दाबतंय कोण?"

फ्यूज परत बसवला. मला सोडवून बॅटरीची तार जागेवर लावली. बारकी अंग चोरून गाडी आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत शिरली. गाडीची पाठ नेहमी भिंतीकडे, आणि रात्री पुढून शटर खाली ओढलेले. मागचे दिवे रात्रभर जळले तरी बघणार कोण? बॉनेटवर पडल्या पडल्या मला तिचा आवाज ऐकू आला.

"बाबा, भिंत लाल आहे!"

मग तिघेही मास्तरीणबाईंच्या सीटपाशी जमले आणि वाकून बघू लागले. टाचेने ढकललेला ठोकळा पुढे जाऊन दुसऱ्या ब्रेकला टेकला होता. तोच ब्रेक, मास्तरांचा शिकवण्याचा ब्रेक! तो अगदी एवढासा दाबला गेला होता. गाडी अडवण्याइतका नाही, पण मागचे दिवे जागे ठेवण्याइतका नक्की. रात्रभर भिंत लाल होत राही, पहाटेपर्यंत बॅटरी संपे, दिवे विझत. आणि सकाळी मास्तर येऊन शिस्तीने ठोकळा सरळ करत, किल्ली फिरवायच्या आधी. गॅरेजमध्ये गाडी नेली तेव्हाही ठोकळा सरळच होता. आज मला जोडण्याआधीही त्यांनी तेच केले होते.

बारकीने वाकून ठोकळ्याला हात लावला.

"हा ठोकळा मी आणला," बारकी म्हणाली.

"मी त्याला लाथ मारली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आणि रोज सरळ मी केला," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सीटच्या पाठीला धरले आणि डोळे पुसले. "म्हणजे दिवा मी चालू ठेवत नव्हतो."

"नाही हो, बाबा." बारकीने त्यांचा हात ओढून किल्ली तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटे आपल्या हातांनी मिटवली. "मी रिपोर्ट बघायच्या आधीच निदान केलं. माझं चुकलं."

"काही झालं नाही," मास्तर म्हणाले. "श्वास घे."

दुपारी त्यांनी ठोकळ्यावर शस्त्रक्रिया केली. मास्तरांनी धरला, बारकीने करवत चालवली. पुढची कड कापली, खाली जाड रबर ठोकले आणि तो एका पट्ट्याने सीटच्या पायाला बांधून टाकला. कितीही लाथा मारा, जागचा हलणार नाही. बारकीने भीत भीत विचारले, "तो दुसरा ब्रेक काढून टाकू या का?" मास्तर उत्तर द्यायला घुटमळले, तेव्हा मास्तरीणबाईच म्हणाल्या, "असू दे. इतकी वर्षं माझ्या बाजूला ब्रेक आहे म्हणून तर संसार नीट चाललाय."

मला डब्यात परत टाकले नाही. मास्तरीणबाईंनी माझी जाळी साबणाने घासली, कोरडी केली आणि म्हणाल्या, "आता स्वयंपाकघरातली दुसरी नेऊ नका म्हणजे झालं." तेव्हापासून मी गाडीच्या समोरच्या खणात असतो, पूर्वीसारखा.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. माझी जाळी अधूनमधून झटका, तारांना गाठी मारू नका, एवढे पुरे. पण तुमच्याही घरी कुणीतरी वयस्कर माणूस कधी 'मी बंद केला होता' असे म्हणेल. तेव्हा लगेच मायेने मान हलवू नका. आधी बॉनेट उघडा. दार बघा, पाय बघा, भिंतीकडच्या बाजूला डोकावून या. कदाचित ते माणूस खरेच विसरले असेल. तसे असले तर त्याचा हात धरा. पण तपासल्याशिवाय त्याच्या हातातली किल्ली घेऊ नका, कारण किल्लीबरोबर आणखीही बरेच काही निघून जाते.

परवा दवाखान्यातून आल्यावर मास्तरांनी गाडी मागे घेत भिंतीशी लावली. मास्तरीणबाई टाचेने ठोकळा ढकलून बघत उतरल्या आणि तो हलला नाही म्हणून थोड्या नाराजही झाल्या. मास्तरांनी दिवे बंद केले, गाडीला कुलूप लावले, शटर खाली ओढले. मी खणात पडून कान देऊन होतो. मला सवयच झाली होती. आता पावले परत येतील, शटर वाजेल, बटण चाचपले जाईल.

पावले घराकडे गेली. आतून कप मांडल्याचा आवाज आला, मग मास्तरांचे हसणे. मी बराच वेळ वाट बघितली. मास्तर परत आले नाहीत.